सत्यनारायणाच्या शिरा

आंबेसर नावाच्या तालुक्याच्या गावात एक भोळा कारकून होता. त्याचं नाव भागोजी तोडकर. वय पंचेचाळीस, अक्षर बघत राहावं असं, आणि सांगितलेलं काम सांगितलं तसंच करायचं, हा स्वभाव. घोटाळा सगळा या स्वभावात होता.

आधी तो दूध डेअरीत होता. चेअरमन म्हणाले, "भागोजी, दुधावर लक्ष ठेव." भागोजीने ठेवलं. दूध उतू गेलं, फरशीवरून दारापर्यंत गेलं, दारातून गटारात गेलं. भागोजी शेवटच्या थेंबापर्यंत लक्ष ठेवून होता. मग तो पतसंस्थेत लागला. मॅनेजर म्हणाले, "आत मीटिंग आहे. कुणालाही आत सोडायचं नाही." मॅनेजर पाणी प्यायला बाहेर आले. भागोजीने त्यांना परत आत सोडलं नाही.

अशा सात नोकऱ्या झाल्या. आठवी लागली तेव्हा त्याची बायको हौसाबाई म्हणाली, "आवं, ही शेवटची. ही गेली तर माझ्या भावाच्या वीटभट्टीवर जायचं. मी बोलून ठिवलंय."

भागोजीने वीटभट्टी एकदा बघितली होती. तिथे पंखा नव्हता.

ही आठवी नोकरी डॉ. वासंती शेटे यांच्या सोनोग्राफी केंद्रात होती. मॅडम डॉप्लर करायच्या. डॉप्लर म्हणजे पायाच्या, मानेच्या, पोटाच्या रक्तवाहिन्या मशीनवर बघायच्या, रक्त नीट वाहतंय का, कुठे अडलंय का, ते सांगायचं. मॅडम बघायच्या आणि भागोजीने त्या सांगतील तसा फॉर्म भरायचा. त्याला फिरती खुर्ची होती. डोक्यावर पंखा होता. मशीनला मात्र कधीही हात लावायचा नाही, असं मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, आणि भागोजी मशीनकडे बघताना हात खिशात घालायचा.

पहिल्याच दिवशी मॅडमनी आतून सांगितलं, "भागोजी, लिहा. शिरा मोकळ्या. गुठळी नाही."

भागोजीला वाटलं, मॅडम शिकलेल्या असल्या तरी बोलताना चुकतात बिचाऱ्या. त्याने सुधारून लिहिलं, "शिरा मोकळा. गुठळी नाही." खाली लिहिलं, "तूप किती ते कळवावे."

मॅडमनी कागद वाचला. मग चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि पुन्हा वाचला.

"भागोजी, हे तूप कुठलं?"

"शिऱ्यातलं, मॅडम."

"अहो, एक शीर, अनेक शिरा! पायातल्या रक्ताच्या नळ्या! शीर वरून दाबली की चपटी व्हायला पाहिजे. चपटी झाली म्हणजे आत गुठळी नाही."

"आन् गुठळी असली तर?"

"मग धोका."

"आमच्या घरीबी तेच आहे मॅडम. गुठळी झाली की हौसा दोन दिवस बोलत नाही."

"रव्याचा शिरा तुमच्या घरी," मॅडम म्हणाल्या. "या दाराच्या आत शिरा म्हणजे फक्त रक्ताच्या. दुसरा शिरा इथे नाही. कळलं?"

भागोजीने दाराकडे बघितलं, उंबऱ्याकडे बघितलं आणि आत म्हणजे कुठून आत ते नीट ठरवून घेतलं. एवढं त्याच्या डोक्यात कायमचं बसलं.

आता मॅडमची अडचण अशी होती की विमा कंपनीच्या यादीत केंद्राचं नाव नव्हतं. नाव नाही म्हणजे इथे केलेली तपासणी कंपनी मानत नव्हती. त्यामुळे आंबेसरचे सुजलेले पाय एसटीत दोन तास उभे राहून जिल्ह्याला जायचे आणि तिथे पोचेपर्यंत आणखी सुजायचे. मॅडमनी वर्षभर पत्रं लिहिली. शेवटी कंपनीने कळवलं, "पाच फाइली पाठवा. पाचांतली एक जरी आमच्याकडून शंका न निघता पास झाली, तर आमचे साहेब यादीचं पत्र घेऊन स्वतः येतील. एकही झाली नाही, तर पुन्हा विचारू नये."

मॅडम म्हणाल्या, "भागोजी, सगळं तुमच्या फॉर्मवर आहे."

भागोजी फॉर्मवर बसला होता. तो उठला.

पहिली फाइल सगुणामावशी कासारणीची. बाजारात उभं राहून बांगड्या भरता भरता मावशींचे पाय संध्याकाळपर्यंत दुधी भोपळ्याएवढे व्हायचे. मॅडमनी अर्धा तास तपासलं. भागोजीने सुरेख अक्षरात मावशींचं नाव लिहिलं आणि फाइल पाठवली. कारण मॅडम म्हणाल्या होत्या, "नाव नीट लिहा." बाकीचं नीट लिहा असं त्या म्हणाल्या नव्हत्या.

कंपनीचं उत्तर आलं. "तपासणी केल्याची नोंद नाही. जे लिहिलेलं नाही ते झालेलंच नाही, असा आमचा नियम आहे."

"बघितलंत?" मॅडम म्हणाल्या. "अर्धा तास मी बघितलं, पण लिहिलं नाही, म्हणजे झालंच नाही! यापुढे झालं ते सगळं लिहायचं."

भागोजीवर या नियमाचा फार परिणाम झाला. त्या दिवशी घरी तो जेवला, हात धुतले आणि परत पाटावर येऊन बसला.

"आता काय?" हौसाबाई म्हणाली.

"वाढ. जेवण कुठं लिहिलेलं नाही."

दुसरी फाइल यशवंत ड्रायव्हरची. एसटी चालवून चालवून त्याच्या पोटरीच्या शिरा दोरखंडासारख्या फुगल्या होत्या. या वेळी भागोजीने झालं ते सगळं लिहिलं. यशवंत आला. चपला दाराबाहेर काढल्या. एक चप्पल उलटी पडली, ती सरळ केली. सकाळी मिसळ खाल्ली. तर्री वेगळी मागून घेतली, तिचे पैसे द्यायचे नाहीत असं त्याचं म्हणणं. मॅडमनी जेल लावलं तेव्हा "आई गं, गार आहे" म्हणाला. माशी बसली. उठली. एकोणीस पानं झाली. कंपनीला फोटो पाहिजे होता, म्हणून यशवंतचा पासपोर्ट साइझ रंगीत फोटो लावला. तो लायसन्ससाठी काढलेला होता आणि त्यात यशवंत टाय घालून होता.

कंपनीने लिहिलं, "खाण्यापिण्याचा मजकूर नको. चेहऱ्याचा फोटो नको, तपासलेल्या जागेचा पाहिजे, काळा-पांढरा. तपासणी कशासाठी केली ते कारण नाही. बाजू नाही. उजवी की डावी?"

मॅडम म्हणाल्या, "लक्षात ठेवा. खाण्याचं एक अक्षर नको. फोटो काळा-पांढरा. कारण लिहायचं. आणि बाजू! बाजूशिवाय फॉर्म पूर्ण होत नाही."

भागोजीने बोटं मोजत पाठ केलं.

तिसरे आले गणपततात्या. तात्यांच्या पोटात काहीतरी उडायचं. मॅडमनी पोटातली मोठी रक्तवाहिनी तपासली. ती माणसाला एकच असते आणि बरोबर मधोमध असते, पण ते भागोजीला कुणी सांगितलं नव्हतं.

त्याने विचारलं, "तात्या, कशासाठी आलात?"

"सुनेनं पाठीवलं."

भागोजीने कारणाच्या रकान्यात लिहिलं, "सून."

"बाजू कुठली?"

"कसली बाजू?"

"उजवी का डावी?"

तात्यांना वाटलं, हा घरातल्या भांडणाबद्दल विचारतोय. ते म्हणाले, "माझी कुठलीच न्हाई रं बाबा. मी मधी असतो."

रकान्यात मधलं काही नव्हतं. तात्या दाराकडून डावीकडे बसले होते. भागोजीने "डावी" लिहिलं.

कंपनीचं उत्तर आलं. "पोटातली डावी मोठी रक्तवाहिनी तपासली, तर उजवी का नाही? दोन्ही बाजू लिहाव्यात. तसेच सून हा आजार आमच्या यादीत नाही."

मॅडमना हसावं की रडावं कळेना. त्यांनी दोन्ही थोडं थोडं केलं. मग म्हणाल्या, "भागोजी, पेशंट का आला म्हणजे कुणी पाठवला नव्हे हो! त्याला होतंय काय? सूज आहे, दुखतंय, गरम लागतंय, ते लिहायचं. आणि तुम्हाला बाजू कळत नसेल तर कृपा करून दोन्ही लिहा."

"दोन्ही," भागोजी म्हणाला. हे सोपं होतं. त्याला आवडलं.

चौथे आले सुभेदार निकम. सुभेदारांना एकच पाय होता, डावा. उजवा फौजेत असताना गेलेला. मॅडमनी डावा तपासला. भागोजी दोन्ही लिहायला बसला. डावा पाय, थोडी सूज. उजव्याला काय लिहावं? त्याने नीट विचार केला. उजव्याला सूज आहे का? नाही. दुखतो का? नाही. गुठळी? नाही. त्याने लिहिलं, "उजवा पाय उत्तम. कसलीही तक्रार नाही." यात खोटं एक अक्षर नव्हतं.

कंपनीचं उत्तर आठ दिवसांत आलं. सुभेदारांनाच आलं. "आपला उजवा पाय उत्तम असल्याचं वाचून आनंद झाला. तरी आम्ही दिलेला कृत्रिम पाय परत करावा."

सुभेदार तोच पाय आपटत केंद्रात आले. त्यांनी काय काय म्हटलं ते मुलं ऐकत असतील तर सांगण्यासारखं नाही. काठी टेबलावर आपटली तेव्हा पेनांचा डबा पडला आणि भागोजी फिरत्या खुर्चीत बसल्या बसल्या भिंतीकडे तोंड करून फिरला.

सुभेदार गेल्यावर मॅडमनी खाली पडलेली पेनं गोळा करून डब्यात ठेवली. मग हळू म्हणाल्या, "भागोजी, जे नाही ते नाही असं लिहायचं असतं. उजवा पाय नाही, तर 'उजवा पाय: नाही'. गाळायचंही नाही आणि सजवायचंही नाही. जे नाही, ते 'नाही' म्हणून लिहून टाकायचं. आणि ज्या दिवशीचं त्या दिवशी पाठवायचं, कंपनीची तीही तक्रार आहे."

"होय मॅडम."

"आता एकच फाइल उरली. ती चुकली तर सगुणामावशी एसटीत उभी राहील. आणि तुम्हाला मी ठेवू शकणार नाही. वाईट वाटतं, पण खरं सांगते."

हे मात्र भागोजीला जसंच्या तसं कळलं. घरी जाऊन तो जेवला नाही. भोळा असला तरी माणूस होता, आणि मॅडम त्याच्याशी कधी अरेतुरे बोलल्या नव्हत्या. त्याने एक पुठ्ठा घेतला आणि सगळे नियम त्यावर लिहून काढले. झालं ते लिहायचं. खाण्याचं नाही. फोटो काळा-पांढरा. कारण, म्हणजे काय होतंय ते. बाजू दोन्ही. नाही ते नाही. त्या दिवशीचं त्या दिवशी. पुठ्ठ्याला दोरा ओवून त्याने तो खुर्चीच्या पाठीला अडकवला. बसताना तो दिसायचा नाही, म्हणून लिहायच्या आधी भागोजी उठून खुर्चीला प्रदक्षिणा घालून यायचा.

अशात केंद्रात नवीन मशीन आलं. जुनं कुरकुरत होतं. नवीन मशीनची पूजा म्हणून मॅडमनी केंद्रातच सत्यनारायण घातला. त्या दिवशी तपासणी बंद. बाहेरच्या खोलीत चौरंग मांडला, केळीचे खुंट लावले, गुरुजी आले. प्रसादाचं काम हौसाबाईने अंगावर घेतलं होतं. तिने घरून सव्वा किलो रव्याचा शिरा करून पातेलं रिक्षातून आणलं. ठेवणार कुठे? बाहेर माणसं दाटीने बसलेली. तिने ते आत नेलं आणि तपासणीच्या टेबलावर ठेवलं, पेशंट झोपतात तिथे. वरून पांढरी चादर झाकली.

बाहेर कथा सुरू झाली होती. मॅडम पूजेला बसलेल्या, हातात पळी. उठता येईना. प्रसादाची काळजी लागली. त्यांनी भागोजीला खुणेने जवळ बोलावलं आणि कानात म्हणाल्या, "भागोजी, आत जाऊन जरा शिरा बघा. दाबून बघा, गुठळी नको."

भागोजी उठला. उंबरा ओलांडून आत गेला.

या दाराच्या आत शिरा म्हणजे फक्त रक्ताच्या. दुसरा शिरा इथे नाही. त्याने टेबलावर बघितलं. पेशंट चादर घेऊन पडला होता. जवळ हौसाबाई उभी होती. बहुतेक नातेवाईक, असं भागोजीला वाटलं, आणि तसं बघितलं तर ती होतीच. त्याने फॉर्म काढला, खुर्चीला एक प्रदक्षिणा घातली आणि पेन उघडलं.

"कुणाचा?" त्याने विचारलं.

"सत्यनारायणाचा," हौसाबाई म्हणाली. "आणिक कुणाचा?"

त्याने लिहिलं, "पेशंटचे नाव: श्री. सत्यनारायण."

"वय?"

"आवं, देवाला वय असतंय का?"

"वय: नाही."

"याला होतंय काय?"

हौसाबाईने चादर उचलून बघितलं. "व्हायचंय काय? चांगला फुगलाय. गरमबी आहे अजून."

भागोजीने हात लावून बघितला. चटका बसला. त्याने लिहिलं, "कारण: सूज. अंग गरम." मोठे मोठे डॉक्टर पायाची तपासणी नेमकी याच दोन कारणांनी करायला सांगतात, हे त्या बापड्याला ठाऊक नव्हतं.

मशीनला हात लावायचा नव्हता. त्याने हात खिशात घातला आणि दुसऱ्या हाताने पातेल्यातलं उलथनं घेतलं. उजव्या बाजूला दाबलं. चपटं झालं. डाव्या बाजूला दाबलं. चपटं झालं. त्याला फार समाधान वाटलं. त्याने लिहिलं, "बाजू: दोन्ही. शिरा मोकळ्या. दाबल्यावर चपट्या होतात. गुठळी: नाही." वरती बेदाणे होते. खाण्याचं एक अक्षर नको, म्हणून त्याने लिहिलं, "गोल काळे डाग: सतरा. त्रास नाही." मग पुढचे रकाने. दुखणे: नाही. चालताना धाप: चालणे नाही. पेशंटची सही: नाही.

"ह्यो फॉर्म कशाला?" हौसाबाई म्हणाली.

"लिहिलं नाही म्हणजे झालं नाही."

हौसाबाई गप्प बसली. पंचवीस वर्षांच्या संसारात ती एवढं शिकली होती.

फोटो राहिला होता. भागोजीने हौसाबाईच्या मोबाइलवर पातेल्यात वाकून एक उजव्या बाजूचा आणि एक डाव्या बाजूचा फोटो काढला. समोरच्या झेरॉक्सवाल्याकडे जाऊन काळे-पांढरे छापून आणले. राखाडी पार्श्वभूमीवर बारीक बारीक दाणे, मधेच काळे गोल. झेरॉक्सवाला म्हणाला, "कुणाचं पोट हो हे?" कारण त्याच्याकडे रोज सोनोग्राफीचे फोटो येत होते आणि हा त्यांच्यापेक्षा स्पष्ट होता.

मॅडमची सही पाहिजे होती. तेव्हा कथेचा चौथा अध्याय चालला होता. भागोजी वाकून म्हणाला, "मॅडम, शिरा बघितल्या. दोन्ही बाजूंनी. गुठळी नाही."

"वा!" मॅडम म्हणाल्या. पूजेच्या आवाजात त्यांना एवढंच ऐकू आलं की गुठळी नाही. कागद पुढे आला, त्यांना वाटलं गुरुजींच्या सामानाची यादी असेल. चष्मा पर्समध्ये होता. त्यांनी डाव्या हातात पळी धरून सही केली.

आरती झाली. प्रसाद वाटला. शिरा खरोखर मोकळा झाला होता. मॅडमनी दोनदा घेतला. आणि त्या दिवशीचं त्या दिवशी म्हणून भागोजीने पाचवी फाइल टपालात टाकली.

दहा दिवस गेले. अकराव्या दिवशी कंपनीचं पत्र आलं. मॅडमनी उघडलं आणि जागेवरच बसल्या. "फाइल पास. शंका नाही. कारण स्पष्ट, बाजू स्पष्ट, नसलेल्या गोष्टींचीही नोंद. असा फॉर्म आमच्याकडे आजवर आला नव्हता. आमचे साहेब श्री. पळशीकर गुरुवारी यादीचं पत्र घेऊन येत आहेत. फक्त पेशंटची सही राहिली आहे, तरी पेशंटला बोलावून ठेवावं."

मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. नवीन मशीनच्या गडबडीत एखादा पेशंट आपण विसरलो असू, असं त्यांना वाटलं. भागोजीला त्या म्हणाल्या, "जिंकलात!" भागोजीला लाज वाटली. त्याने खुर्चीला उगाच एक प्रदक्षिणा घातली.

गुरुवारी पळशीकर साहेब आले. जाडे, घामेजलेले, बोलायला गोड. त्यांनी यादीचं पत्र मॅडमच्या हातात दिलं आणि भागोजीचा हात हातात घेतला. "वर्षाला हजार फाइली बघतो मी, तोडकर. तुमची बघितली आणि डोळे भरून आले. सतरा डाग मोजलेत! कोण मोजतं हो? पेशंट आलेत ना? तेवढी सही घेतो."

"पेशंट संपला, साहेब," भागोजी म्हणाला.

साहेबांनी हात सोडला. "संपला?"

"होय साहेब."

"अहो पण रिपोर्ट तर चांगला होता!"

"चांगला होता म्हणूनच संपला, साहेब."

मॅडम खुर्चीतून उठल्या. "भागोजी, कधी? मला काही कळवलं नाहीत!"

"तपासणीनंतर तासाभरात, मॅडम. तुम्ही होता की. सगळे होते. तुम्ही तर दोनदा घेतला."

मॅडमनी फाइल ओढून घेतली. पर्समधून चष्मा काढला, घातला. नाव वाचलं. तारीख वाचली. फोटो उजेडात धरला आणि बराच वेळ बेदाण्यांकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "दाबलंत... उलथन्याने?"

"मशीनला हात नाही लावला, मॅडम," भागोजी अभिमानाने म्हणाला.

पळशीकर साहेबांना समजायला थोडा वेळ लागला. समजल्यावर ते खुर्चीत बसले. त्यांनी रुमालाने तोंड पुसलं, मग मान पुसली, मग रुमालच तोंडावर धरला. "माझी सही आहे त्याच्यावर," ते आतून म्हणाले. "शिरा पास केला मी. वरच्यांना कळलं तर माझी नोकरी जाईल."

मॅडमनी यादीचं पत्र साहेबांपुढे ठेवलं. "साहेब, चूक आमची आहे. पत्र परत घ्या."

साहेबांनी पत्राकडे बघितलं. तेवढ्यात दारात सगुणामावशी आल्या. यादीत नाव आल्याचं बाजारात कळलं होतं. मावशींनी चपला काढल्या, बाकावर बसल्या आणि सुजलेला पाय दोन्ही हातांनी उचलून वर ठेवला. "एसटीत उभं ऱ्हायाचं सुटलं बाई," त्या म्हणाल्या. "भलं होऊ दे तुमचं सायेब."

साहेबांनी पत्र मॅडमकडे परत सरकवलं. मनाने वाईट नव्हता माणूस. ते उठले, भागोजीच्या अगदी जवळ गेले आणि एकेक शब्द तोडून म्हणाले, "तोडकर, त्या दिवशी तपासणी झाली नाही. पेशंट नाही. काही नाही. हे कुणाला बोलायचं नाही आणि कुठे लिहायचं नाही. समजलं?"

"लिहिलं नाही म्हणजे झालं नाही," भागोजी म्हणाला.

"शाबास!"

आठ नोकऱ्यांत त्याला पहिल्यांदाच कुणी शाबास म्हणालं होतं. साहेबांसाठी घरून पातेलं घेऊन आलेल्या हौसाबाईने आतून विचारलं, "सायेब, थोडा शिरा घेता?" साहेब चपला हातात घेऊनच गाडीत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमनी यादीचं पत्र फ्रेम करून आणलं. सगुणामावशी पहिला नंबर लावून बाकावर पाय वर घेऊन बसल्या होत्या. मॅडम स्टुलावर चढल्या, एका हातात खिळा, एका हातात हातोडी. खूप दिवसांनी त्या गुणगुणत होत्या. मधेच थांबून त्यांनी विचारलं, "भागोजी, कालचं काही लिहिलं नाहीत ना?"

"नाही मॅडम."

मॅडमनी सुटकेचा श्वास सोडला.

"म्हणजे 'नाही' असंच लिहिलं," भागोजी म्हणाला. "जे नाही ते नाही म्हणून लिहायचं, गाळायचं नाही." त्याने जपून ठेवलेली प्रत काढली आणि स्पष्ट उच्चारांत वाचली, "'तपासणी: नाही. पेशंट: नाही. पाय: नाही. मशीन: नाही, उलथने. हे कुठे लिहायचे: नाही. कारण: साहेबांनी शिरा पास केला हे वरच्यांना कळले तर साहेबांची नोकरी जाईल. बाजू: दोन्ही, साहेबांची आणि मॅडमची.'"

मॅडमची हातोडी हवेतच राहिली. "हे... हे कुठे आहे आता?"

"त्या दिवशीचं त्या दिवशी, मॅडम. कालच पाठवलं. साहेबांच्या वरच्यांना."

मावशींनी बाकावरून भागोजीकडे बघितलं, मग मॅडमकडे बघितलं आणि पाय हळूच खाली घेतला. मॅडम स्टुलावर तशाच उभ्या होत्या. त्यांच्याकडून काही सूचना येईना, तेव्हा भागोजीने अदबीने विचारलं, "मॅडम, खिळा कुठल्या बाजूला? का दोन्ही?"